कॅम बदलल्यानंतर : १.६ लिटर इंजिनच्या इंधन-हवा मिश्रणाच्या नोंदी

११ नोव्हेंबर

इंजिन गाडीत परत बसलं. १५९८ सीसी, चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह. बदल असे : २७२ अंशांचा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा; हा ते जास्त वेळ उघडे ठेवतो, म्हणून लांब कॅम), हेडच्या पोर्टची सफाई आणि थोडं रुंदीकरण, ४-२-१ हेडर (एक्झॉस्टचे चार पाइप आधी दोनात, मग एकात), मोठे इंजेक्टर. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जागेवरच आहे आणि तो तसाच राहणार. कंपनीचा ईसीयू (इंजिनचं इंधन आणि ठिणगी ठरवणारा संगणक) काढून प्रोग्रॅम करता येईल असा स्वतंत्र ईसीयू बसवला.

जुना ईसीयू का चालत नाही, ते एकदा लिहून ठेवतो. त्याच्या आतला नकाशा जुन्या कॅमसाठी आखलेला आहे. लांब कॅममध्ये इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो, त्यामुळे कमी आरपीएमला सिलिंडरमध्ये आलेल्या हवेतली काही पिस्टन वर येताना परत बाहेर ढकलली जाते. वरच्या आरपीएमला हवेला वेग असतो, तिथे हाच उशीर फायद्याचा ठरतो आणि सिलिंडर जास्त भरतो. म्हणजे खाली हवा घटली, वर वाढली. इंधन जुन्याच हिशेबाने पडत राहिलं तर खाली रिच (पेट्रोल जास्त) आणि वर लीन (पेट्रोल कमी). वर लीन म्हणजे पूर्ण लोडवर लीन, आणि पिस्टन वितळतात ते तिथेच.

नवा ईसीयू हवा थेट मोजत नाही. मॅनिफोल्डमधला (सिलिंडरांना हवा नेणाऱ्या नळ्यांमधला) दाब, हवेचं तापमान आणि आरपीएम एवढ्यावरून तो हवेचा अंदाज बांधतो. त्या दाबाला आणि आरपीएमला सिलिंडर किती टक्के भरतो, हे त्याला व्हीई टेबलमधून कळतं. टेबल १६ बाय १६, म्हणजे २५६ घरं. ही घरं खरी करणं हेच पुढचं काम.

१२ नोव्हेंबर

इंजेक्टरचा हिशेब कागदावर करून पाहिला, कारण पुढचं सगळं याच आकड्यावर उभं राहतं.

एका सिलिंडरचं आकारमान ३९९.५ सीसी. १०० किलोपास्कल आणि २० अंशांना त्यात ०.४७५ ग्रॅम हवा मावते. एक ग्रॅम पेट्रोलला १४.७ ग्रॅम हवा लागते, म्हणून १४.७ ने भागलं तर पेट्रोल ०.०३२३ ग्रॅम, म्हणजे साधारण ०.०४४ सीसी. इंजेक्टर ३ बारला मिनिटाला २८० सीसी देतो, तर एवढं पेट्रोल टाकायला त्याला ९.४ मिलिसेकंद उघडं राहावं लागेल. ईसीयूमध्ये हाच मूळ आकडा भरला.

वरच्या टोकाला पुरेल का? ७००० आरपीएमला फोर-स्ट्रोकचं एक चक्र १७.१ मिलिसेकंदांत संपतं. सिलिंडर ९५ टक्के भरला आणि लॅम्डा (हवा-पेट्रोल प्रमाण भागिले संतुलित प्रमाण; १ च्या खाली रिच, वर लीन) ०.८८ धरला तर पल्स, म्हणजे पेट्रोल पडण्याचा वेळ, सुमारे १०.१, वर इंजेक्टर उघडायला लागणारा १ मिलिसेकंद. ६५ टक्के ड्यूटी (चक्रातला इंजेक्टर उघडा असण्याचा वाटा), निवांत. जुने २०० सीसीचे इंजेक्टर ठेवले असते तर हाच आकडा ८८ टक्क्यांवर जातो. ८५ च्या पुढे इंजेक्टरला नीट बंद व्हायलाच वेळ मिळत नाही. इंजेक्टर बदलण्यावर खर्च करावा की नाही यावर बरंच बोलणं झालं होतं, या हिशेबाने तो प्रश्न मिटला.

सगळ्या नोंदी लॅम्डात ठेवणार, एएफआरमध्ये (हवा-पेट्रोल प्रमाणात) नाही. शुद्ध पेट्रोलला १४.७ हे संतुलित प्रमाण, पण १० टक्के इथेनॉल मिसळलं की ते १४.१ च्या आसपास येतं, २० टक्क्यांना त्याहूनही खाली. लॅम्डा १ चा अर्थ मात्र इंधन कोणतंही असो, बदलत नाही.

१५ नोव्हेंबर

इंजिन सुरू करण्याआधीच्या तपासण्या. लॅपटॉप उघडून टेबलात हात घालायची घाई सगळ्यांनाच होते, पण सेन्सर खोटं बोलत असेल तर टेबल त्या खोट्यावरच बेतलं जातं.

इंजिन बंद असताना मॅप सेन्सर (मॅनिफोल्डचा दाब मोजणारा) बाहेरचा दाब दाखवतो का, पाहिलं. बरोबर. पाण्याचा आणि हवेचा, दोन्ही तापमान सेन्सर थंड इंजिनवर सारखंच दाखवतात का, पाहिलं. एका अंशाचा फरक, चालेल. थ्रॉटल सेन्सर बंद ते पूर्ण उघडा कॅलिब्रेट केला. स्पार्क प्लग काढून स्टार्टर फिरवला आणि टायमिंग लाइटने पाहिलं : ईसीयू १० अंश म्हणतो, पुलीवरही १० अंशच दिसतात.

फ्युएल प्रेशर ३ बार. रेग्युलेटरची नळी मॅनिफोल्डला जोडलेली आहे, त्यामुळे इंजेक्टरच्या दोन टोकांतला फरक कायम ३ बार राहायला हवा. आयडलिंगला मॅनिफोल्ड ५५ किलोपास्कलवर असेल तर गेजवर २.५५ च्या आसपास दिसायला हवं. सुरू झाल्यावर हे परत पाहायचं.

वाइडबँड सेन्सर (एक्झॉस्टवरून लॅम्डा दाखवणारा) हेडरचे पाइप एकत्र येतात त्याच्या पुढे, कन्व्हर्टरच्या आधी, तोंड खाली तिरकं करून बसवला. आडवा किंवा उलटा बसवला तर एक्झॉस्टमधलं पाणी त्यात साचतं आणि गरम सिरॅमिकला तडा जातो. याच कारणासाठी हीटर इंजिन सुरू झाल्यावरच चालू होईल अशी जोडणी केली.

१६ नोव्हेंबर

सुरू झालं.

कॅम नवा आहे, तेव्हा पहिली वीस मिनिटं आयडलिंग नाही. २००० ते २५०० मध्येच धरायचं, म्हणजे कॅमच्या लोबना तेल नीट मिळतं. म्हणून टेबलातल्या त्याच रांगा आधी अंदाजाने थोड्या रिच भरून ठेवल्या होत्या. लॅम्डा ०.८४ ते ०.९० मध्ये फिरत राहिला. प्रेशर गेजवर २.६. कुठे गळती नाही, तेलाचा दाब चांगला. आवाज इतका भरीव आहे की वीस मिनिटं तिथून हललो नाही.

नंतर तेल आणि फिल्टर बदलला.

१८ नोव्हेंबर

पहिल्यांदा आयडलिंगला आणलं. लॅम्डा १.१८. रेस १५०० वर नेली की १.०७, २५०० वर १.००. टेबलातली घरं शेजारी-शेजारी जवळपास सारखीच असताना एवढा उतार पडायला नको.

आयडलिंगला लीन आणि रेस दिली की ठीक, हे दिसलं की पहिला संशय व्हॅक्यूम लीकवर जातो. पण इंधन मॅनिफोल्डच्या दाबावरून ठरतं आहे. थ्रॉटलच्या पुढे हवा शिरली तर दाब वाढतो, ईसीयूला तो दिसतो आणि तो पेट्रोलही वाढवतो. मिश्रण फारसं बदलत नाही, आरपीएम मात्र चढतो. इथे आरपीएम चढलेला नाही. म्हणजे हवा इंजिनात शिरत नाही, ती एक्झॉस्टमध्ये शिरते आहे, सेन्सरच्या आधी कुठेतरी. एक्झॉस्टमध्ये धक्क्यांमधल्या क्षणी दाब बाहेरच्यापेक्षा खाली जातो आणि फटीतून हवा आत ओढली जाते. आयडलिंगला एक्झॉस्टचा वायूच कमी, म्हणून तेवढीशी हवाही सेन्सरला मोठी दिसते. रेस वाढली की ती त्यात बुडून जाते.

थंड इंजिनवर एक्झॉस्टच्या मागच्या टोकातून व्हॅक्यूम क्लीनरची हवा उलटी सोडली आणि जोडांवर साबणाचं पाणी मारलं. हेडच्या फ्लॅंजला, तिसऱ्या पोर्टच्या खाली, बारीक बुडबुडे. फ्लॅंजवर पट्टी ठेवली तर मधोमध उजेड दिसतो, वेल्डिंगच्या उष्णतेने ती वाकली आहे. टर्नरकडे सपाट करायला दिली.

२१ नोव्हेंबर

फ्लॅंज सपाट होऊन आली, नवं गॅस्केट लावलं. टेबलाला हात न लावता आयडलिंगचा लॅम्डा १.१८ वरून १.०८ वर आला. १८ तारखेला पेट्रोल वाढवून हा आकडा खाली आणला असता तर सहज खाली आला असता, आणि सिलिंडरमध्ये मिश्रण विनाकारण रिच होऊन बसलं असतं.

आणखी एक. डॅशवरचं गेज १.०० दाखवतं तेव्हा ईसीयूच्या लॉगमध्ये १.०३. वाइडबँडचा कंट्रोलर ० ते ५ व्होल्टमध्ये ०.५ ते १.५ लॅम्डा पाठवतो, म्हणजे एका व्होल्टला ०.२. तर ०.०३ म्हणजे ०.१५ व्होल्टचा फरक. मल्टिमीटरने कंट्रोलरची ग्राउंड आणि ईसीयूच्या सेन्सर ग्राउंडमध्ये मोजलं : ०.१४ व्होल्ट. हीटरचा करंट त्याच बारीक वायरमधून बॉडीकडे जातो आणि कंट्रोलरची ग्राउंड वर उचलतो. हीटरची ग्राउंड जाड वायरने इंजिन ब्लॉकला नेली आणि सिग्नलची ग्राउंड वेगळी काढून ईसीयूच्या सेन्सर ग्राउंडला जोडली. आता दोन्ही आकडे जुळतात.

२३ नोव्हेंबर

आयडलिंग. आजची नोंद लांबणार.

पाणी ८५ अंशांवर, आरपीएम ९५०, दाब ५२ ते ६० किलोपास्कलमध्ये उड्या मारतो आहे. जुन्या कॅमवर ३४-३५ ला स्थिर असायचा. लॅम्डा १.०८. आवाज लंगडा, मधूनच एखादा सिलिंडर हुकतो.

आधी दाबाच्या उड्या. एका पूर्ण चक्राची सरासरी घ्यायला ईसीयूला सांगितलं, तेव्हा आकडा ५६ वर बराच स्थिर झाला. पल्सची थरथरही कमी झाली.

मग मिश्रण. गेज लीन दाखवतंय म्हणून पेट्रोल वाढवून पाहिलं, थोडं थोडं, थ्रॉटल अजिबात न हलवता. व्हीई ४६ वरून ४८ : लॅम्डा १.०६. पन्नासला : १.०७. बावन्नला : १.१०, आरपीएम ८८० पर्यंत पडला, दाब ५९ वर चढला आणि एक्झॉस्टजवळ डोळे चुरचुरायला लागले. पेट्रोल १३ टक्क्यांनी जास्त, आणि गेज आधीपेक्षा लीन दाखवतंय.

गेज बिघडलेलं नाही. सेन्सरला एक्झॉस्टमधला प्राणवायू कळतो, मिश्रण कळत नाही. मिश्रण हा आपण त्यावरून काढलेला निष्कर्ष, आणि आत आलेलं सगळं नीट जळलं असेल तरच तो बरोबर. या कॅमवर इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बराच वेळ एकत्र उघडे असतात. आयडलिंगला इनटेकमध्ये व्हॅक्यूम, एक्झॉस्टमध्ये बाहेरचा दाब, म्हणून जळलेला वायू उलटा इनटेककडे ओढला जातो आणि पुढच्या घोटात परत आत येतो. ताज्या मिश्रणात तो मिसळला की आग सावकाश धरते, कधी धरतच नाही. हुकलेल्या सिलिंडरमधला सगळा प्राणवायू न वापरता बाहेर पडतो. त्याच्याबरोबर न जळलेलं पेट्रोलही जातं, पण सेन्सरचा आकडा लीनकडेच झुकतो. पेट्रोल वाढवत गेलो तसं हुकणं वाढलं, हुकणं वाढलं तसा प्राणवायू वाढला.

तेव्हा आयडलिंगच्या या घरांत लॅम्डाचा आकडा बाजूला ठेवला आणि इंजिन स्वतः काय सांगतं ते पाहिलं. थ्रॉटल तोच असताना ज्या मिश्रणाला आरपीएम सर्वात वर आणि मॅनिफोल्डचा दाब सर्वात खाली, ते इंजिनला सर्वात मानवतं. पण त्याआधी इग्निशन १० अंशांवरून १६ वर नेलं, कारण सावकाश जळणाऱ्या मिश्रणाला ठिणगी लवकर हवी. आयडल ९५० वरून १००० केला. एवढ्यानेच हुकणं बरंच थांबलं, दाब ५४ वर आला, आणि पेट्रोल न बदलता लॅम्डा ०.९९ झाला. आता हा आकडा विश्वासाचा.

मग व्हीई पुन्हा खाली-वर करून पाहिला. दाब सर्वात खाली येतो तो लॅम्डा ०.९५-०.९६ ला. कन्व्हर्टरसाठी १.०० बरं, पण तिथे इंजिन अधूनमधून हुकतं, आणि हुकलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळलं तर तो तापून जातो. त्यापेक्षा ०.९६ ला स्थिर चाललेलं कन्व्हर्टरलाही परवडेल.

२४ नोव्हेंबर

काल नीट लागलेलं आयडलिंग आज रेडिएटरचा पंखा सुरू झाला की ढासळतं. पंखा लागतो, आरपीएम ८५० वर येतो, लॅम्डा ०.९६ वरून १.०६. पंखा बंद, सगळं पूर्ववत. हेडलाइट लावल्यावरही तेच, थोडं कमी.

पंख्याचा लोड येतो म्हणून आरपीएम पडणारच, पण लॅम्डा का सरकावा? लॉगमध्ये बॅटरी व्होल्टेजची रेघ त्याच आलेखावर आणली तर उत्तर समोरच : १४.० वरून १२.६.

इंजेक्टर म्हणजे कॉइल आणि स्प्रिंग. करंट सोडल्यावर सुई उचलायला वेळ लागतो, तेवढ्या वेळात पेट्रोल पडत नाही. व्होल्टेज कमी तर हा वेळ जास्त. ईसीयूच्या मूळ फाइलमध्ये हा मृत वेळ सरसकट १.० मिलिसेकंद भरलेला होता आणि व्होल्टेजची दुरुस्ती शून्य. आयडलिंगला प्रत्यक्ष पेट्रोल पडण्याचा वेळ फक्त २.४ मिलिसेकंद. त्यातले ०.२ गेले तरी ८ टक्के पेट्रोल गेलं. पूर्ण लोडवर पल्स १० मिलिसेकंदांची, तिथे तेच ०.२ म्हणजे २ टक्के. म्हणून हा दोष आयडलिंगलाच उघडा पडतो.

आयडलिंगच्या घरांत पेट्रोल वाढवून पंख्याचा खड्डा झाकता येतो, पण मग पंखा बंद असताना रिच. ते नकोच.

२५ नोव्हेंबर

इंजेक्टर बाहेर काढून मोजले. मोकळ्या हवेत, पेट्रोलऐवजी इंजेक्टर तपासणीचं द्रव वापरून, अग्निशामक हाताशी ठेवून. ३ बार दाब, काचेचं मोजपात्र, ईसीयूच्या चाचणी मोडमधून १००० पल्स.

१४ व्होल्टला ३ मिलिसेकंदांच्या १००० पल्समध्ये ९.७ सीसी, ६ मिलिसेकंदांच्या १००० मध्ये २३.७. फरक ३ मिलिसेकंदांचा, द्रव १४.०, म्हणजे मिलिसेकंदाला ४.६७ सीसी. पहिल्या मापात ९.७ सीसी पडायला २.०८ मिलिसेकंद लागले असणार, आणि दिले होते ३. उरलेले ०.९२ हा मृत वेळ. १२.६ व्होल्टला तोच हिशेब १.१४ वर येतो. चारही इंजेक्टर एकमेकांच्या दीड टक्क्याच्या आत आहेत, हे पाहून फार बरं वाटलं.

दोन्ही आकडे आणि मधल्या व्होल्टेजची मापं ईसीयूत भरली. १४ व्होल्टला आधीपेक्षा ०.०८ कमी झाल्यामुळे आयडलिंग ३ टक्के लीन झालं, ती घरं तेवढी वाढवली. पंखा लावला, हेडलाइट लावले, मागची काच तापवायची जाळी लावली. आरपीएम थोडा पडतो, लॅम्डा ०.९५ ते ०.९७ मध्येच.

मृत वेळाचं काम टेबलाच्या आधीच करायला हवं. तो चुकीचा असेल तर लहान पल्सची सगळी घरं चुकीची भरली जातात, आणि नंतर तो सुधारला की ती सगळी परत करावी लागतात. सुदैवाने अजून आयडलिंगचीच घरं भरली होती.

२९ नोव्हेंबर

क्रूझिंग. मोकळा, सरळ, रहदारी नसलेला रस्ता. गाडी मित्र चालवतो, लॅपटॉप माझ्याकडे. एकट्याने दोन्ही करायचं नाही, हा नियम आहे आणि तो कधी मोडायचा नाही.

पद्धत साधी आहे. एका घरात आरपीएम आणि दाब स्थिर धरायचे, आकडा स्थिरावू द्यायचा, मग जुना व्हीई गुणिले मोजलेला लॅम्डा भागिले हवा असलेला लॅम्डा. २५०० आरपीएम आणि ४५ किलोपास्कलला ६२ होता, लॅम्डा १.०८, हवा १.००. नवा ६७. आकडा स्थिरावू देणं महत्त्वाचं, कारण वायू सेन्सरपर्यंत पोहोचायला आणि सेन्सरला उत्तर द्यायला वेळ लागतो. कमी आरपीएमला तो जास्त. थ्रॉटल हलत असतानाच्या लॉगवरून घर दुरुस्त केलं तर दुरुस्ती शेजारच्या घराची होते. सॉफ्टवेअरमधली आपोआप टेबल सुधारायची सोय याच कारणाने बंद ठेवली आहे.

क्लोज्ड लूपही (सेन्सर पाहून ईसीयूने पेट्रोल आपोआप सुधारणं) बंद. नाहीतर तो मागून दुरुस्ती करत राहतो आणि टेबल खरं आहे की नाही ते कळतच नाही.

२ डिसेंबर

मधल्या लोडची घरं, ६० ते ८० किलोपास्कल. हलक्या चढावर वरच्या गिअरमध्ये चांगली सापडतात. २८०० ते ३२०० मध्ये व्हीई स्पष्ट खाली बसतो, दोन्ही बाजूंना चढतो. सॉफ्टवेअर हा खड्डा गुळगुळीत करून देऊ म्हणतं. करू दिला नाही. लांब कॅम आणि हेडरमध्ये दाबाची लाट त्या आरपीएमला नको त्या वेळी परत येते आणि सिलिंडर खरोखरच कमी भरतो. खड्डा इंजिनात आहे, म्हणून तो टेबलातही राहणार. वेडंवाकडं एकच घर शेजाऱ्यांपेक्षा वेगळं दिसलं तर ते संशयास्पद, सलग उतार दिसला तर तो बहुधा खरा.

६ डिसेंबर

पिकअप. थ्रॉटल पटकन उघडला की गाडी क्षणभर अडखळते.

बंद थ्रॉटलला मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम असतो, पेट्रोल चटकन वाफ होतं, पोर्टच्या भिंतीवर पातळ थर राहतो. थ्रॉटल उघडला की दाब चढतो, वाफ कमी होते आणि भिंतीवरचा थर जाड व्हायला लागतो. तो जाड होईपर्यंत टाकलेल्या पेट्रोलचा काही भाग सिलिंडरपर्यंत पोहोचतच नाही. तेवढ्यापुरतं जास्त द्यावं लागतं.

आधी ही वाढ पूर्ण बंद करून लॉग घेतला. लॅम्डा १.२८ पर्यंत टोक, साधारण पाव सेकंद, मग ०.९८ वर स्थिर. मग मूळ सेटिंग चालू करून : १.१५ चं टोक आणि लगेच मागे ०.७८ ची लांब दरी. सुरुवातीला अपुरं, नंतर नको तेवढं. एकूण पेट्रोल फारसं वाढवायचं नव्हतं, ते लवकर द्यायचं होतं. वाढीचं प्रमाण दीडपट केलं, अवधी निम्म्याहून कमी. आता टोक १.०४, मागे ०.९२. पायाखाली गाडी एकदम मोकळी लागते, थ्रॉटल आणि इंजिनमध्ये काहीच नसल्यासारखी.

९ डिसेंबरपासून

थंडी पडली. पहाटे ९-१० अंश. थंड स्टार्टचं काम दिवसाला एकदाच करता येतं, कारण इंजिन एकदा तापलं की पुन्हा रात्रभर थांबायचं.

थंड पोर्टमध्ये पेट्रोल वाफ होत नाही, म्हणून जास्त टाकायचं, म्हणजे त्यातलं वाफ होईल तेवढं तरी पुरेल. पहिली वीस-तीस सेकंदं सेन्सर तापलेला नसतो, तोवर कानावर भरवसा. स्टार्टर बराच फिरून हळूच धरलं आणि रेस द्यावीशी वाटली तर कमी. धरून लगेच धूर, वास आणि बुडबुड आवाज तर जास्त.

पाणी १० अंशांना असताना पेट्रोल नेहमीच्या १४५ टक्के, ३० ला १२२, ५० ला १०८, ७० ला १००. मधला भाग सर्वात अवघड, कारण ४० ते ६० अंश दोन मिनिटांत निघून जातात. एका सकाळी एकच बिंदू घ्यायचा, असं ठरवल्यावर काम सुरळीत झालं.

१४ डिसेंबर

गाडी तापलेली असताना दहा मिनिटं उभी केली आणि परत सुरू केली तर पहिली दोन मिनिटं लंगडते. लॅम्डा १.०३, मग हळूहळू ०.९६.

हवेच्या तापमानाचा सेन्सर मॅनिफोल्डच्या धातूत बसलेला आहे. उभ्या गाडीत इंजिनची उष्णता त्याला चढते. लॉगमध्ये ६२ अंश, प्रत्यक्षात आत जाणारी हवा ४० च्या आसपास. ईसीयूला वाटतं हवा विरळ आहे. ३१३ केल्विन भागिले ३३५ केल्विन म्हणजे ०.९३, तर पेट्रोल जवळजवळ ७ टक्के कापलं गेलं. लॉगमधला फरक नेमका तेवढाच. टेबल निर्दोष आहे.

सेन्सर थ्रॉटलच्या आधीच्या प्लास्टिक पाइपमध्ये हलवला, उघड्या टोकाचा घेतला. आता सुरू केल्यावर काही सेकंदांत खऱ्या तापमानावर येतो.

२१ डिसेंबर

डायनो (गाडी जागेवरच पळवून टॉर्क मोजणारं यंत्र). पूर्ण लोडची घरं रस्त्यावर करायची नाहीत, म्हणून आजवर मुद्दाम रिच ठेवली होती. समोर मोठा पंखा, फ्युएल प्रेशरचं गेज नजरेसमोर, ब्लॉकवर लावलेल्या नॉक (मिश्रण अवेळी पेटून होणारी ठकठक) सेन्सरचा आवाज हेडफोनमध्ये. इग्निशन सावध.

पहिला पुल (पूर्ण थ्रॉटलवरची एक धाव) फक्त ४५०० पर्यंत, लॅम्डा ०.८२. मग पाच-पाचशेने वर. प्रत्येक पुलनंतर थांबून लॉग पाहायचा, घरं सुधारायची, पाणी आणि हवा खाली येऊ द्यायची. लॅम्डा ०.९५ च्या वर गेला की पाय लगेच वर, हे आधीच ठरलेलं. तशी वेळ आली नाही.

५००० च्या पुढे व्हीई टेबलातल्या अंदाजापेक्षा जास्त निघाला. ३००० ला ७९, ५५०० ला ९७, ७००० ला ९०. कॅम आणि हेडर जे करतील असं वाटलं होतं ते त्यांनी केलं, आणि आलेखावर ते चढताना पाहणं हा या सगळ्या खटाटोपातला सर्वात मोठा आनंद होता. इंजेक्टरची ड्यूटी ७००० ला ६२ टक्के, कागदावरच्या हिशेबाला धरून. प्रेशर शेवटपर्यंत ३.० वर ठाम. हे पाहत राहायचं, कारण ते २.७ वर आलं असतं तर प्रवाह वर्गमुळाच्या प्रमाणात घटून ५ टक्के लीन झालं असतं, आणि टेबलात त्याचा पत्ताही लागला नसता.

०.८२ वरून ०.८७ वर आणताना टॉर्क चांगला वाढला. ०.८७ वरून ०.९० ला नेल्यावर जवळजवळ काहीच नाही. एवढ्यासाठी पिस्टन आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हची उष्णता वाढवायची नाही. ०.८७ वर कायम केलं. इग्निशन त्यानंतर दोन-दोन अंशांनी वाढवलं, टॉर्क वाढायचा थांबला तिथून दोन अंश मागे घेतलं. हेडफोनमध्ये नॉकिंग कुठेच नाही.

२८ डिसेंबर

क्लोज्ड लूप चालू केला. अधिकार, म्हणजे जास्तीत जास्त दुरुस्ती, ८ टक्के, पाणी ६० अंशांच्या वर, फक्त हलक्या आणि स्थिर लोडवर, लक्ष्य १.००. आयडलिंगला बंद. तिथे एखादा सिलिंडर हुकला की सेन्सर लीन म्हणणार, लूप पेट्रोल वाढवणार, आणि २३ नोव्हेंबरला पाहिलेलं चक्र सुरू होणार. क्रूझिंगला दुरुस्ती २ टक्क्यांच्या आतच राहते.

बंद थ्रॉटलला इंधन तोडणं १८०० च्या वर चालू, १४०० ला परत. आधी १२०० ला ठेवून पाहिलं तर परत येताना झटका बसतो.

प्लग काढले. चारही सारखे, इन्सुलेटर फिका तपकिरी, तिसराही इतरांसारखाच. गेले काही आठवडे बरंच रिच चालवलं आणि थंड स्टार्टही भरपूर झाले, पेट्रोल तेलात उतरलेलं असणार. डिपस्टिकला वास येतोच. तेल आणि फिल्टर पुन्हा बदलला.

फाइल तारखेसह तीन ठिकाणी जपून ठेवली. टॅपेटचं क्लिअरन्स पुढच्या आठवड्यात. ४० अंशांच्या वरच्या हवेसाठीची दुरुस्ती उन्हाळ्यात, तोवर त्या रांगेत ईसीयूच्या मूळ फाइलमधलेच आकडे.